दुसरी टाप

त्या मुलखात सपाट जमीन नव्हती. एका अंगाला डोंगर होता, दुसऱ्या अंगाला दरी होती आणि मध्ये एक वाट होती. वाटेवरून खेचरं चालत. भरलेली पोती वर जात, रिकामी पोती खाली येत. पोत्यांत काय असतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण त्यांची तोंडं शिवलेली असत. वर ती कुणाला लागतात हेही कुणी विचारलेलं नव्हतं. विचारायचं तर थांबावं लागतं, आणि सगळ्यांत पुढे चालणारी घंटा बहुतेक वेळ 'चल' एवढंच म्हणत असे.

ती घंटा ज्या म्हाताऱ्या खेचरीच्या गळ्यात होती तिला थोरली म्हणत. वाट तीच दाखवी, आणि भांडणतंटा झाला की निवाडाही तीच करी.

खेचरं जोडीनं चालत. दोघांमध्ये एक दोर असे. दोराचा एक फास एकाच्या गळ्यातून घेऊन छातीखाली बांधत, दुसरा दुसऱ्याच्या. एकाचा पाय निसटला तर दुसऱ्यानं त्याला धरावं, यासाठी दोर आहे असं पोरांना सांगत. पोती दरीत जाऊ नयेत यासाठी दोर आहे असं कुणी सांगत नसे, पण दोर पोत्यांच्या जाडीनुसार निवडला जाई. दाताला दोर लावू नये, ही पहिली शिकवण. दूध पिणारं पिल्लूसुद्धा खेळताना दोर तोंडात धरू लागलं तर आई त्याला ढुशी मारून दूर करी.

दोर चावून तोडणाऱ्याला एकच शिक्षा होती. दगडावर तोंड धरून त्याचे दात पाडत आणि त्याला खडीच्या उतारावर सोडून देत. तिथे काटेरी झुडपांखेरीज काही उगवत नसे. बिनदाताचं खेचर तिथे किती काळ काढतं, हे बघायला कुणी जात नसे. डोळा गेलेल्याला आणि पाय अधू झालेल्यालाही त्याच उतारावर पाठवत. फरक एवढाच, की त्यांचे दात शाबूत ठेवत.

मात्र गुन्हा ठरल्यानंतर आणि शिक्षा सांगण्याआधी थोरली एकदा विचारत असे : याच्यासाठी कुणाचा गळा आहे? ज्याला गुन्हेगाराच्या चांगुलपणाची खात्री असेल, त्यानं पुढे येऊन तुटलेल्या दोराच्या जागी नवा दोर स्वतःच्या गळ्यात घालून घ्यायचा. याला गळा देणं म्हणत. गळा देणाऱ्यानं एक गोष्ट सांगायची असे. ती गुन्हेगारानं केलेली असावी आणि करताना त्याला कुणी बघत नसावं. चारचौघांत सगळेच चांगलं वागतात, असं त्या मुलखात मानत. म्हणून चारचौघांतला चांगुलपणा धरत नसत.

गळा देण्याची चाल सगळ्यांना ठाऊक होती. कुणी गळा दिल्याचं मात्र फारसं कुणाला आठवत नव्हतं.

लाख्या आणि कबऱ्या ही एक जोडी होती. लाख्याचा रंग लाखेसारखा तांबडा होता. कबऱ्याच्या अंगावर राखाडी ठिपके होते आणि तो चढावर मोठ्यानं वारा सोडून पोत्यांना नावं ठेवायचा. दोघं लहानपणापासून एकाच दोरात होते. लाख्याला एक धाकटा भाऊ होता, एकाच घोडीच्या पोटचा. तो कधी कुठे उधळेल याचा नेम नव्हता, म्हणून त्याचं नाव उधळ्या पडलं होतं. घंटेची भाषा सगळी पोरं शिकत. उधळ्या दोनच शब्द शिकला आणि पळाला. 'चल' आणि 'थांब'. त्यातला 'थांब' कच्चा होता. अजून त्याला जोडीला लावलेलं नव्हतं. अर्धं पोतं घेऊन तो रांगेच्या शेपटाला एकटा चाले.

लाख्याचा डावा डोळा गेला होता. बाहेरून दिसायला तो डोळा चांगला होता. आत काही राहिलं नव्हतं. हे दोघांनाच माहीत होतं. कबऱ्याला माहीत होतं, कारण तो दोरात होता. उधळ्याला माहीत होतं, कारण एकदा तो भावाच्या डावीकडून धावत आला आणि भाऊ दचकला. तेव्हा लाख्या म्हणाला होता, "आईला सांगू नकोस."

चढताना दरी डाव्या अंगाला येते. म्हणून कबऱ्या चढावर नेहमी दरीच्या बाजूनं चाले आणि लाख्याला डोंगराच्या बाजूला ठेवी. असं करणं सोपं होतं आणि कुणाच्या लक्षात येत नसे. अवघड होतं ते ओलं वळण. तिथे खडकातून बारमाही पाणी पाझरे आणि वाट इतकी चिंचोळी होई की जोडीला मागेपुढे जावं लागे. कबऱ्या पुढे जाई. वळणाच्या तोंडाशी एक पांढरा दगड होता, त्यावर तो टाप मारी. पहिली टाप म्हणजे थांब, वळण आलं. मग तो स्वतः पलीकडे जाई, पाय रोवी आणि दुसरी टाप मारी. दुसरी टाप म्हणजे आता ये, डोंगराला अंग घासत ये. मागच्या जोड्यांना वाटे, कबऱ्याच्या खुरात खडा अडकतो.

एके दिवशी ढग वाटेवर उतरले. पुढचं मागच्याला दिसेना. रांग ओल्या वळणाशी अडली. मागे उधळ्या उभा होता. खडकाच्या फटीत थोडं गवत होतं, ते तो खात राहिला. पुढून घंटा 'चल, चल' म्हणत होती, कारण घंटेला मागचं दिसत नव्हतं. बराच वेळ गेला. मग रांग हलली. उधळ्या वळणावरून गेला तेव्हा कडेला ओल्या मातीत खरवडल्याची खूण होती. ती ओलांडून तो पुढे गेला. वर पोचल्यावर त्यानं पाहिलं, कबऱ्या एकटा उभा आहे आणि त्याच्या छातीखाली दोराचं टोक लोंबतंय. टोक पिंजलेलं होतं. उधळ्याच्या तोंडात अजून गवत होतं. ते गिळावं की थुंकावं हे त्याला कळेना, म्हणून ते तसंच राहिलं.

खाली परतल्यावर पाणवठ्याशी निवाडा बसला. खेचरं कातळाला पाठ लावून दाटीनं उभी राहिली. थोरलीनं आधी विचारलं, "पोती किती गेली?"

"त्याच्या पाठीवरची सगळी," कबऱ्या म्हणाला.

"फुटली का?"

"दिसलं नाही. ढग होते."

"दोर कुणी तोडला?"

"मी चावला."

एवढ्यावर गुन्हा ठरला. पण थोरली जुनी होती, तिला एका गोष्टीचं नवल वाटलं. ती म्हणाली, "लाख्या इतकी वर्षं त्या वळणावरून गेला. त्या दिवशीच कसा पडला? तू ओढलंस की काय?"

कबऱ्यानं मान खाली घातली. "पाय घसरला त्याचा."

"ज्याचा कधी घसरला नाही त्याचा?"

"पाय घसरला," कबऱ्या पुन्हा म्हणाला.

उधळ्या मागे उभा होता. त्या संशयातून कबऱ्या एका वाक्यात सुटला असता, हे त्याला कळत होतं. 'लाख्याला दिसत नव्हतं', एवढं म्हटलं असतं तरी ओढल्याचा संशय गेला असता. ते वाक्य सगळ्या पाणवठ्यात फक्त दोघांना येत होतं, आणि एक जण ते म्हणत नव्हता.

थोरलीनं सांगितलं, "सावली पाण्याच्या काठाला लागली की शिक्षा. तोवर कुणाला गळा द्यायचा असेल त्यानं विचार करावा. शिक्षेनंतर लाख्याची घंटा वाजवू."

त्या मुलखात ओझं वाहताना पडलेल्यासाठी थोरली आपली घंटा एकदा सावकाश हलवी. ज्याच्यासाठी ती वाजे तो मेला असं धरत, आणि मेलेल्याची आठवण काढायला हरकत नसे. ज्याच्यासाठी वाजत नसे तो नुसता हरवला असं धरत. हरवलेल्याचं नाव घेत नसत. व्यंग लपवून दोरात चाललेल्यासाठी घंटा वाजत नाही, हा जुना नेम होता.

उधळ्याला लाथ मारायची होती. कुणाला, हेही ठरलेलं होतं. पण वाटेत पाणवठ्यामागे टाकाऊ दोरांचा ढीग दिसला आणि तो तिथेच थांबला. त्यानं एक तुकडा दातात धरला. असं केलेलं कुणी बघितलं तर काय होईल हे त्याच्या मनातही आलं नाही. दोर सालीचा आणि शेपटीच्या केसांचा वळलेला होता. तो चावू लागला. केस दातांत अडकत. हिरड्यांतून रक्त आलं, जबडा दुखू लागला, आणि दोराचा जेमतेम एक पीळ उलगडला. चावून चावून तो दमला. हे काम झटक्यात होणारं नव्हतं. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबता येईल, इतका वेळ लागत होता.

कबऱ्याला एका खुंटाला बांधलं होतं. उधळ्याला बघून तो म्हणाला, "लाथ मारायला आलास?"

"हो."

"मग डावीकडून मार. उजवी बरगडी दुखतीय."

उधळ्यानं उजवीकडे लाथ मारली. कबऱ्या गुडघ्यांवर आला, मग उठला. उधळ्याला वाटलं होतं, मारल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. तो तिथेच उभा राहिला.

"तोंडाला रक्त कसलं?" कबऱ्यानं विचारलं.

"दोर चावून बघितला."

"येडा आहेस का? कुणी बघितलं असतं म्हणजे?"

"फार वेळ लागतो."

"लागतो."

"तेवढ्या वेळात दादा काय म्हणत होता?"

कबऱ्या दरीकडे बघत राहिला. त्याच्या गळ्याला दोराची जखम होती, आत मांस दिसत होतं. निवाड्यात सगळ्यांनी दोराचं टोक पाहिलं होतं, गळा कुणी पाहिला नव्हता. "डोळ्याचं आईला सांगू नको म्हणाला."

"आणि?"

"आणि थंडी आहे म्हणाला."

"सोड म्हणाला का?"

"म्हणाला असता तर बरं झालं असतं रे. नाही म्हणाला. माझे पाय सरकायला लागले. खालून पाणी, मागे कडा. घंटा चल म्हणतीय. मला वाटलं, मी पण जाणार. मग मी मान वळवली."

उधळ्यानं ते ऐकलं. मग जे विचारायला तो आला होता, पण आपण त्यासाठीच आलो आहोत हे त्याला माहीत नव्हतं, ते त्यानं विचारलं. "टाप मारली होतीस?"

"मारली."

"दोन्ही?"

 एक माशी कबऱ्याच्या जखमेवर बसली, ती त्यानं हाकलली नाही. "एक मारली. तो थांबला. मी पलीकडे जायच्या आत घंटा घाईनं वाजायला लागली. मी विसरलो. घंटेबरोबर तसाच पुढे चालत गेलो. दोर ताणला गेला आणि त्याला ओढून घेऊन आला." मग तो म्हणाला, "थोरली विचारते ओढलंस का. खरं सांगायचं तर ओढलंच."

"मग सांगितलं का नाहीस तिथे?"

"ते सांगायचं तर टाप कशाला मारायचो, हे पण सांगावं लागेल. मग त्याची घंटा जाईल." कबऱ्यानं मान हलवली. "दात जाऊ दे माझे. तसेही किडलेत. तू माझ्यासाठी काही बोलायला जाऊ नकोस, पोरा. तुझी जीभ घसरते."

उधळ्या निघून आला.

त्याची आई पाण्याच्या काठाला उभी होती. ती म्हातारी घोडी होती, तिला ओझी नेणं जमत नसे, ती खालीच राही. तिच्यासमोर गवत टाकलेलं होतं, ते तसंच होतं.

"घंटा कधी वाजवणार?" तिनं विचारलं.

"सावली काठाला लागली की. आधी शिक्षा."

"मला पुढे उभी कर. मला हल्ली नीट ऐकू येत नाही. एकदाच वाजवतात, नाही का?"

"एकदाच."

"चुकली तर पुन्हा वाजवतील?"

"नाही, आई."

"मग पुढेच कर." ती त्याच्या खांद्याला खांदा लावून चालली. चालताना म्हणाली, "कबऱ्याला मीच पाजलंय रे लहानपणी. त्याची आई आटली होती. त्याचे दात पाडायच्या वेळी मला तोंड फिरवू दे. मग परत वळव."

सावली काठाला लागली. खेचरं पुन्हा गोळा झाली. एकानं चपटा दगड आणून ठेवला. थोरली म्हणाली, "कबऱ्यासाठी कुणाचा गळा आहे?"

कुणी हललं नाही. मग रांगेत कबऱ्याच्या मागे चालणारी पिंगळी नावाची एक खेचरी घसा खाकरून म्हणाली, "गळा नाही देत हं मी, माझी मान आधीच आखडलीय. पण बोलते. कबऱ्या चांगला आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. समोर आला की मान हलवतो."

"मान हलवताना त्याला कोण बघत होतं?"

"आता बाई, मीच की."

"मग ती धरता येत नाही."

"वाससुद्धा धरत नाहीत का? तो तर कबऱ्या लपवत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. चार-दोघं फुरफुरली. मग शांत झाली.

एका म्हाताऱ्यानं सांगितलं की कबऱ्यानं कधी पोतं भिजू दिलं नाही. थोरली म्हणाली, पोतं भिजलं की नाही हे वर बघतात, तेव्हा तेही पाहिलेलंच झालं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारण्यासाठी मान उचलली.

उधळ्यानं काही ठरवलं नव्हतं. त्यानं आईला पुढे उभं केलं होतं आणि घंटेचा आवाज येईल तिकडे तिचा कान वळवून दिला होता. मग त्याचे पाय सुटले. उधळायचे तेव्हा सुटायचे तसेच. फक्त या वेळी ते भलतीकडे न जाता सरळ मधल्या जागेत जाऊन थांबले. थोरलीच्या घंटेसमोर तो कधी उभा राहिलेला नव्हता.

"तुझा भाऊ गेलाय," थोरली म्हणाली. "तुला कळतंय ना तू कुणासाठी उभा आहेस?"

"हो, थोरलीबाई."

"गोष्ट आहे?"

"आहे."

"कुणी बघत नव्हतं?"

"कुणी बघत नव्हतं. ज्याच्यासाठी केली त्यालापण दिसत नव्हती."

कबऱ्यानं खुंटाशी हिसका दिला. "उधळ्या, गप बस! थोरलीबाई, पोरगं भावाच्या दुःखात आहे, त्याचं काही धरू नका."

"माझ्या भावाला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं," उधळ्या म्हणाला.

मग तो सांगत गेला. त्याला नीट सांगता येत नव्हतं. कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे चुकत होतं. कबऱ्यादादा चढावर दरीच्या कडेनं चालायचा. उतरताना दरी उजवीकडे यायची, तेव्हा गरज नसे, तरी कडेनंच चालायचा, म्हणजे कुणाला कळू नये. ओल्या वळणावर दोन टापा मारायचा. खुरात खडा नसायचा. पावसाळ्यात, थंडीत, पोट बिघडलेलं असतानासुद्धा. त्या दिवशी एकच मारली. दुसरी राहिली. तीही सांगितली त्यानं. ती सांगितल्यावर रांगेतून एक आवाज उठला. तो कबऱ्याच्या बाजूचा नव्हता. उधळ्या थांबला, मग म्हणाला, "एक राहिली. बाकीच्या सगळ्या मारल्या होत्या."

पुढे त्याला काही सुचेना. तो म्हणाला, "झालं."

थोरलीनं मान स्थिर धरली. तिची घंटासुद्धा हलत नव्हती. अखेर तिनं विचारलं, "हे सांगितल्यानं काय जाईल, ते ठाऊक आहे?"

"आहे."

"तरी गळा देतोस?"

उधळ्यानं मान पुढे केली.

नवा दोर आणला गेला. एक फास कबऱ्याच्या गळ्यात, जखम चुकवून घालायचा प्रयत्न झाला, पण ती चुकण्यासारखी नव्हती. दुसरा फास उधळ्याच्या गळ्यात. दगड उचलून नेला. थोरलीनं निवाडा सांगितला : दात राहतील, ओझं दीडपट, यापुढे दोर तुटला तर दोघांचेही दात. मग तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, "लाख्या हरवला."

घंटा वाजली नाही. आई मात्र कान पुढे करून उभीच होती. तिला वाटत होतं, अजून वाजायची आहे. सगळे पांगले तरी ती तशीच होती. उधळ्या दोर ओढत तिच्याजवळ गेला. कबऱ्यालाही यावं लागलं. तो तोंड फिरवून उभा राहिला.

"आई, वाजणार नाही."

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "डावा म्हणालास ना?"

"डावा."

ती विचार करत राहिली. संध्याकाळी रांग परत यायची तेव्हा ती कुठे उभी राहायची, लाख्या कुठून यायचा, हे ती मनात मांडत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी या बाजूला असायचे, तेव्हा मी त्याला दिसत नव्हते."

उधळ्यानं तिला परत काठाशी तिच्या गवतापाशी नेलं. आईनं ते हुंगलं. एक काडी उचलली, चावली, गिळली. मग दुसरी. खाताना तिचा जबडा नेहमीसारखाच हलत होता.

दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा निघाली. पोती भरलेली होती. कबऱ्या सवयीनं दरीच्या बाजूला गेला, आणि उधळ्याला भावाच्या जागेत चालावं लागलं.  त्यांच्या मागे पिंगळी होती. ती आपल्या जोडीदाराला म्हणाली, "बघा बाई, भाऊ खाल्ला आणि धाकटा गळ्यात पडला." ती मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली होती. दोघांपैकी कुणी मान वळवली नाही. तिला मग बोलायला काही उरलं नाही. चढावर कबऱ्याचं पोट वाजलं. त्यानं पोत्यांना नावं ठेवली नाहीत.

त्या दिवशी ढग नव्हते. दरी तळापर्यंत स्वच्छ दिसत होती. तळाशी एक तांबडा ठिपका होता किंवा तांबडी माती होती. वाटेवरची खेचरं तिकडे न बघता चालत होती, कारण हरवलेल्याला शोधत नसत.

ओलं वळण आलं. कबऱ्या पुढे झाला, उधळ्या मागे. उधळ्याचे दोन्ही डोळे चांगले होते. त्याला पाणी दिसत होतं, कडा दिसत होती, पांढरा दगड दिसत होता, वाटेच्या काठावरची खरवडल्याची खूण दिसत होती. कबऱ्या पांढऱ्या दगडापाशी पोचला आणि क्षणभर अडखळला. आता टाप मारायचं कारण उरलेलं नव्हतं. त्यानं मान वळवून मागे पाहिलं.

उधळ्यानं डावा डोळा मिटून घेतला होता.

कबऱ्यानं दगडावर टाप मारली. उधळ्या थांबला. पुढून घंटा वाजली, 'चल'. मागून जोड्या दाटू लागल्या. घंटा पुन्हा वाजली, घाईनं. कबऱ्या पलीकडे गेला. त्यानं मागचे पाय खडकात रोवले, पुढचे रोवले. घंटा वाजतच होती. उधळ्याच्या डाव्या अंगाला काहीच नव्हतं. दरी नव्हती, आकाश नव्हतं. त्या बाजूनं फक्त थंडी येत होती. दोर दोघांच्या मध्ये सैल लोंबत होता.

मग कबऱ्यानं दुसरी टाप मारली.

उधळ्या डोंगराला अंग घासत निघाला आणि पलीकडे पोचला. पोचल्यावरही त्यानं डोळा उघडला नाही. तो तसाच पुढे गेला.

त्यांच्या मागे पिंगळी पांढऱ्या दगडाशी आली. तिला बोलायचं होतं, पण ती बोलली नाही. तिचे डोळे चांगले होते आणि तिच्या खुरात खडा नव्हता. तिनं दगडावर एकदा टाप मारली. पलीकडे जाऊन दुसऱ्यांदा मारली. तिच्या मागच्यानं तिला काही विचारलं नाही. त्यानंही मारली. मग त्याच्या मागच्यानं. रांग लांब होती, आणि खडकातून तो आवाज वर वर येत राहिला. एक टाप, मग थांबणं, मग दुसरी.

सगळ्यांत पुढे थोरली चालत होती. तिला मागचं दिसत नव्हतं. तिनं घंटा हलवायला मान उचलली, आवाज ऐकला, आणि मान तशीच धरून ती उभी राहिली.